मेपलवर चढलेली द्राक्षवेल: त्रेब्बियानो स्पोलेतिनो आणि आपलं रान

स्पोलेतो हे इटलीच्या उंब्रिया प्रांतातलं जुनं डोंगरी गाव. समुद्रसपाटीपासून साधारण चारशे मीटर उंच, म्हणजे जवळपास आपल्या सोनपेठइतकंच. मराठवाड्यासारखाच उंब्रियालाही समुद्रकिनारा नाही. गावाखालच्या खोऱ्यात काही शेतांच्या कडेला अजून मेपलची झाडं उभी आहेत आणि त्यांच्या फांद्यांतून द्राक्षाच्या वेली लोंबतात. घड तोडायला शिडी लावावी लागते. या वेलींवर जे पांढरं द्राक्ष लागतं त्याचं नाव त्रेब्बियानो स्पोलेतिनो. इटलीबाहेर ते फार थोड्यांना ठाऊक आहे. खुद्द इटलीतही वीस-पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत त्याला आपल्या खोऱ्याबाहेर फारसं कुणी विचारत नव्हतं.

सोनपेठच्या वाचकाने या वाणाची माहिती का घ्यावी? आपल्या काळ्या रानात कापूस, सोयाबीन, तूर आणि ऊस. द्राक्ष म्हटलं की नाशिक, सांगली, सोलापूर आठवतं, मराठवाड्यात फार तर लातूर, धाराशिव आणि जालन्याचं कडवंची. तरीही या वाणाचा आपल्याशी दोन बाजूंनी संबंध लागतो. त्याच कुळनावाचं एक द्राक्ष चाळीस वर्षांपूर्वी जुन्नर तालुक्यात येऊन गेलं. आणि वेल जिवंत झाडावर चढवण्याची जी रीत उंब्रियात शेवटच्या घटका मोजत होती, तीच रीत एकेकाळी पुणे-नाशिककडच्या द्राक्षबागांतही होती.

एका नावाखाली अनेक वाण

इटलीत 'त्रेब्बियानो' हे नाव बऱ्याच पांढऱ्या द्राक्षांना लावलेलं आहे. बोलोन्याच्या पिएत्रो दे क्रेशेंत्सी या शेतीविषयक ग्रंथकाराने चौदाव्या शतकाच्या सुरुवातीलाच या नावाच्या वेलीची नोंद केली आहे, म्हणजे नाव किमान सातशे वर्षं जुनं. पुढे प्रत्येक मुलखाने आपापल्या आंबट, भरपूर लागणाऱ्या पांढऱ्या द्राक्षाला तेच नाव देऊन टाकलं. तोस्कानाचा त्रेब्बियानो तोस्कानो, रोमान्याचा रोमान्योलो, आब्रुत्सोचा आब्रुत्सेझे आणि स्पोलेतोचा स्पोलेतिनो. ही सगळी सख्खी भावंडं आहेत असं मानायचं कारण नाही. डीएनए तपासणी सुरू झाल्यावर 'त्रेब्बियानो दी सोआवे' म्हणवणारं द्राक्ष मुळात वेर्दिक्किओ नावाचा वेगळाच वाण निघालं.

या सगळ्यांत लागवडीने सर्वांत मोठा तोस्कानो. एकरी उतारा भरपूर, आंबटपणा भरपूर, वास मात्र जेमतेम. त्यामुळे त्याची वाइन पातळ आणि बेचव अशी ख्याती झाली. १९६७ साली क्यांती या तोस्कानातल्या प्रसिद्ध लाल वाइनचे नियम ठरले तेव्हा तिच्यात दहा ते तीस टक्के पांढरी द्राक्षं घालणं बंधनकारक होतं, आणि ती भरती बहुतेक तोस्कानोनेच होई. लाल वाइन पाणचट व्हायची. २००६ च्या हंगामापासून क्यांती क्लासिको विभागात पांढऱ्या द्राक्षांना मनाई झाली. तोस्कानोची ही बदनामी स्पोलेतिनोलाही भोवली. नावात त्रेब्बियानो दिसलं की व्यापारी पुढे वाचतच नसत.

जवळून पाहिल्यावर

स्पोलेतिनोचा घड लांब आणि बराच मोठा असतो. मणी आपल्या थॉमसनसारखे लांबट नसून गोलसर, सालीला जाड, आत बिया. कोवळेपणी हिरवट पिवळे असलेले मणी पूर्ण पिकल्यावर सोनेरी होतात. खायला घेतलं तर साल दाताखाली रेंगाळते, बी कडवट लागते आणि आंबट चव शेवटपर्यंत जात नाही. बाजारात मांडलं तर कुणी किलोभरही नेणार नाही. वाइनला मात्र हेच हवं असतं. वास आणि चवीची द्रव्यं बरीचशी सालीत आणि सालीलगतच्या गरात असतात, त्यामुळे मणी लहान आणि साल जाड असली की रसाच्या मानाने ती जास्त मिळतात.

हा वाण फार उशिरा पिकतो. उंब्रियात बहुतेक पांढरी द्राक्षं सप्टेंबरात उतरवून होतात, तेव्हा स्पोलेतिनो वेलीवरच असतो. त्याची तोडणी ऑक्टोबरच्या मध्यावर, कधी अखेरीस. एवढे दिवस लटकूनही त्याचा आंबटपणा टिकतो, आणि जाड सालीमुळे शरदातल्या ओलाव्यात मणी लवकर सडत नाहीत. वाइनला लिंबू-पपनसासारखा वास येतो, थोडा रानपाल्याचाही. चांगली बाटली दहा वर्षं ठेवली तरी बिघडत नाही, उलट दाट होत जाते. पांढऱ्या वाइनमध्ये हा गुण दुर्मीळ आहे.

झाडाशी लावलेलं लग्न

वेल झाडावर चढवण्याच्या या पद्धतीला इटलीत 'लग्न लावलेली वेल' म्हणतात. रोमन लोकांच्याही आधी, एत्रुस्कन लोकांपासून ती चालत आली असं मानलं जातं. पहिल्या शतकातल्या कोलुमेल्ला आणि प्लिनी या रोमन लेखकांनी तिचं वर्णन केलं आहे. स्पोलेतोकडे जोडीदार म्हणून रानमेपल निवडतात. ते फार उंच जात नाही, छाटणी सोसतं आणि त्याच्या मुळांचा वेलीला फारसा जाच होत नाही. इटलीच्या दक्षिणेला आवेर्साच्या भागात आस्प्रिनिओ नावाचं आणखी एक अप्रसिद्ध पांढरं द्राक्ष पॉप्लरच्या झाडांवर चढवतात. तिथे वेली दहा-पंधरा मीटर उंचीपर्यंत जातात आणि तोडणी करणारा माणूस उंच, अरुंद शिडीवर गुडघा अडकवून काम करतो.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जमीन वाचवण्यासाठी. वेल हवेत गेली की खाली गहू, कडधान्य, भाजीपाला घेता येतो. मेपलचा पाला जनावरांना होतो. धुकं आणि दव जमिनीलगत जास्त साचतं, उंचावरच्या घडांना वारा लागतो आणि बुरशी कमी येते. मध्य इटलीत शेतं बहुतांशी बटईने कसली जात. पिकाचा निम्मा वाटा मालकाला देऊन उरलेल्यात कुटुंब जगवायचं, म्हणजे एकाच तुकड्यातून धान्य, चारा, सरपण आणि वाइन सगळंच निघालं पाहिजे. झाडावरची वेल ही त्या गरजेतून टिकली. १९६४ च्या कायद्याने बटईचे नवे करार बंद झाले, कुळं शहरांकडे गेली, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला शेताच्या मधलं झाड नको असतं. झाडं तुटली, त्यांच्यासोबत वेलीही गेल्या. जिथे शेत लहान आणि म्हातारं माणूस हट्टी, तिथे त्या राहिल्या.

आपल्याकडचा पांगारा

इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांत पुणे-नाशिक भागातल्या द्राक्षबागांचं वर्णन आहे. त्या काळी तार-अँगलचा मांडव नव्हता. पांगाऱ्याच्या मेढी रोवायच्या, त्या फुटल्या की पाच-एक फुटांवर शेंडा मारायचा आणि त्यावर वेल चढवायची. पांगारा या कामाला उत्तम. त्याची जाड फांदी नुसती खोचली तरी धरते. तो द्विदल कुळातला, म्हणजे मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देणारा. हिवाळ्यात पानं टाकतो, त्यामुळे नेमकं घड भरायच्या वेळी वेलीवर ऊन येतं. मेपल निवडताना उंब्रियाच्या शेतकऱ्याने जे पाहिलं, तेच इथल्या माळ्याने पांगाऱ्यात पाहिलं, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. द्राक्षबागेतून ही रीत गेली, पण पानमळ्यात अजून आहे. नागवेल आजही शेवरी, शेवगा, हादगा किंवा पांगारा यांच्याच अंगावर वाढते.

मराठवाड्याचा द्राक्षाशी संबंध याहून जुना. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला, तेव्हा तिथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात असं त्याने लिहून ठेवलं. आपल्या हवामानात ते बरोबरच आहे. युरोपात कडाक्याच्या थंडीत वेल झोपते आणि वसंतात एकदाच फुटते. आपल्याकडे ती झोपतच नाही. छाटली की फुटते. जुने बागायतदार पावसाळ्यातल्या आंबट फळाला खट्टा बहार आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्याला गोडी बहार म्हणत. खट्टा बहार पावसात सापडायचा, म्हणून तो सोडून दिला गेला. आजचा बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करून नुसती काडी तयार करतो आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी करून एकच पीक घेतो. हा मेळ आपल्या शेतकऱ्यांनी स्वतः बसवलेला आहे, आणि उष्ण कटिबंधात द्राक्ष पिकवणाऱ्या दुसऱ्या देशांनीही तो अभ्यासावा इतका तो पक्का आहे.

त्या जुन्या बागांतले वाण होते भोकरी, फकडी, हबशी, साहेबी. निजामाच्या हैदराबादेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अनाब-ए-शाही पुढे आला आणि मराठवाड्यालाही तो ठाऊक झाला. नंतर बिनबियांची थॉमसन सीडलेस आली, तासगाव तालुक्यात तिच्यातून तास-ए-गणेश निवडली गेली, सोनाका आणि माणिक चमन आल्या, आणि बाजाराने बी असलेलं द्राक्ष घ्यायचंच सोडलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. भोकरीची चव आज पन्नाशीच्या आतल्या किती मराठी माणसांनी घेतली असेल? इटलीत वाइनसाठी नोंदलेले स्थानिक वाण पाचशेहून जास्त आहेत. तिथे वाण जगला तो लोक त्याची वाइन करत राहिले म्हणून. आपलं द्राक्ष खाण्यापुरतं राहिलं, आणि खाणाऱ्याला गोड, मोठं, बिनबियांचं हवं असतं. त्या एका आवडीपुढे बाकी सगळे वाण हरले.

नारायणगावातला तोस्कानो

फ्रान्समध्ये त्रेब्बियानो तोस्कानोचं नाव उनी ब्लाँ. आज ते त्या देशातलं सर्वाधिक लागवडीचं पांढरं द्राक्ष आहे, तरी बाटलीवर त्याचं नाव सहसा वाचायला मिळत नाही, कारण ते बहुतेक सगळं कोन्याक नावाच्या ब्रँडीत जातं. कोन्याकमध्ये आधी फोल ब्लाँश हा वाण होता. १८७० नंतर फायलॉक्सेरा किडीने तिथल्या बागा उठवल्या आणि अमेरिकी खुंटावर कलम करून नव्याने लावाव्या लागल्या. कलमावर फोल ब्लाँशचे घड इतके गच्च भरायला लागले की आतले मणी सडत. उनी ब्लाँ त्या मानाने सडीला दाद देत नव्हता, उशिरा फुटत असल्याने वसंतातल्या गारठ्यातूनही निसटत होता. त्याची वाइन जेमतेम नऊ टक्के मद्यार्काची आणि झणझणीत आंबट. प्यायला ती कुणी घेणार नाही, पण दोनदा ऊर्ध्वपातन करायला तशीच लागते.

हाच उनी ब्लाँ १९८० च्या दशकात सह्याद्रीच्या पायथ्याशी, नारायणगावला पोहोचला. उद्योजक शाम चौगुले यांनी फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या पिपर-हायडसिक या कंपनीचं तांत्रिक साह्य घेऊन इथे फेसाळती वाइन करायचं ठरवलं. शॅम्पेनच्या पद्धतीत वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. यीस्ट आणि थोडी साखर घालून बाटली बंद करायची, आत तयार झालेला वायू वाइनमध्येच मुरतो. त्यासाठी मूळ वाइन आंबट आणि हलकी हवी. म्हणून शार्दोनेच्या जोडीला उनी ब्लाँ घेतला गेला. 'ओमर खय्याम' या नावाने ती वाइन बाहेर आली आणि युरोपातही विकली गेली. भारतात चांगली वाइन होऊ शकते हे परदेशी टीकाकारांना पहिल्यांदा पटवून दिलं ते जुन्नर तालुक्यातल्या या बाटलीने. पुढे कंपनीने झेपेपलीकडे विस्तार केला आणि २०१० च्या आसपास ती कर्जात बुडाली.

नंतरच्या पिढीने नाशिकला शेनँ ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या फ्रेंच पांढऱ्या वाणांवर भर दिला, आणि आज महाराष्ट्रातली बहुतेक पांढरी वाइन त्यांचीच असते. इटलीशी नातं पुन्हा जुळलं ते अकलूजला. मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेक्की अशा तीन घरच्या भावांनी मिळून फ्रातेल्ली ही वायनरी काढली, तोस्कानातले पिएरो मासी वाइनकार म्हणून आले आणि २०१० च्या सुमारास पहिल्या बाटल्या निघाल्या. तिथला इटालियन वाण मात्र लाल, सांजोवेझे. क्यांती ज्याची होते तोच.

आंबटपणाला एवढी किंमत का

द्राक्षात मुख्यतः दोन आम्लं असतात, टार्टारिक आणि मॅलिक. मणी पिकू लागला की साखर चढते आणि आम्लं उतरतात. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं, मॅलिक मात्र वेल श्वसनासाठी जाळते, आणि हवा जितकी गरम तितकं ते भराभर जळतं. रात्र थंड असेल तर हा वेग मंदावतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री गारवा असेल, तिथे साखर आणि आम्ल यांचा तोल साधतो.

उष्ण भागात अडचण अशी होते की साखर लवकर चढते, आम्ल त्याआधीच निघून जातं आणि वास तयार व्हायला वेळच मिळत नाही. अशा द्राक्षाची वाइन मचूळ लागते, तोंडात जड बसते आणि टिकतही नाही, कारण आम्ल कमी झालं की जिवाणूंना मोकळं रान मिळतं. मग वाइनकार वरून टार्टारिक आम्ल घालतो. जगभर उष्ण मुलखात तो नित्याचा उपाय आहे, पण वेलीवर टिकलेल्या आम्लाची सर त्याला येत नाही. म्हणूनच हवामान तापत चाललं तसं युरोपातले लोक आपल्याच जुन्या, आंबट, उशिरा पिकणाऱ्या वाणांकडे वळले आहेत. वीस वर्षांपूर्वी 'पिकतच नाही' म्हणून ज्याला नावं ठेवली, तोच गुण आता कामाला येतो आहे.

स्पोलेतिनोचं पुनरुज्जीवन याच काळातलं. मोन्तेफाल्को परिसर सग्रान्तिनो या दणकट लाल वाइनसाठी ओळखला जाई. तिथल्याच ताबार्रिनी, पाओलो बेआ, आंतोनेल्ली, पेर्तिकाया अशा घराण्यांनी २००० नंतर या पांढऱ्या द्राक्षाची स्वतंत्र वाइन करायला घेतली. बेआ यांनी झाडावरच्या वेलींच्या वाइनला 'आर्बोरेउस' असं नाव दिलं. २०११ साली स्पोलेतो या नावाला सरकारी मूळस्थान-संरक्षण मिळालं, म्हणजे आपल्याकडच्या भौगोलिक मानांकनासारखी नोंद झाली. आधी गावातल्या गावात सुट्या डब्यातून विकली जाणारी वाइन नाव लावून बाहेर जाऊ लागली. वाण तोच, माती तीच. फरक पडला तो द्राक्ष वेगळं काढून, वेगळं आंबवून, त्याच्या स्वतःच्या नावाने विकल्यामुळे.

मोडेनाची कढई

दारूचं नावही नको असणाऱ्या वाचकांसाठी त्रेब्बियानोचा आणखी एक उपयोग सांगायला हवा. इटलीच्या मोडेना शहरात त्रेब्बियानो आणि लाम्ब्रुस्को द्राक्षांचा ताजा रस उघड्या कढईत तासन्‌तास आटवतात. आपल्याकडे गुऱ्हाळावर काकवी होते तसा तो दाट आणि तपकिरी होतो. मग तो वेगवेगळ्या लाकडांच्या, एकापेक्षा एक लहान पिंपांच्या रांगेत ठेवतात. तिथे तो हळूहळू आंबतो, आटतो, दरवर्षी मोठ्या पिंपातून लहानात सरकतो. किमान बारा वर्षांनी त्याला 'पारंपरिक बाल्सामिक व्हिनेगर' म्हणायची परवानगी मिळते, पंचवीस वर्षं झाली की वरचा दर्जा. थेंब-थेंब वापरायची वस्तू, आणि किंमत चांगल्या वाइनपेक्षा जास्त. इथेही त्रेब्बियानोचा आंबटपणाच उपयोगी पडतो. तो नसता तर हाती नुसता गोड पाक उरला असता.

परभणीच्या हवेत काय होईल

स्पोलेतो आणि सोनपेठ यांची उंची सारखी असली तरी अक्षांशाचा फरक मोठा आहे. स्पोलेतो बेचाळीस अंशांच्या वर, सोनपेठ एकोणीसच्या आसपास. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. पण वाइनच्या द्राक्षाला मे मोजायचाच नसतो. ऑक्टोबरला छाटलेल्या बागेचा काळ नोव्हेंबर ते मार्च, आणि हिवाळ्यात परभणी राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत येते. कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान दहाच्या खाली, काही वर्षी पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या आपण वाचतोच. दिवसा तीसच्या आसपास आणि पहाटे आठ-दहा, हा फरक आंबटपणा राखायला चांगला.

अडचण पुढे आहे. थॉमसन छाटणीपासून साधारण सव्वाशे ते एकशेतीस दिवसांत येते, म्हणजे फेब्रुवारीत हाती लागते. स्पोलेतिनोसारख्या उशिरा पिकणाऱ्या वाणाचा घड मार्चच्या मध्यावर गेला तर तोवर आपल्याकडे छत्तीस-सदतीस अंशांचं ऊन सुरू झालेलं असतं आणि थंड रात्रींचा सगळा फायदा शेवटच्या तीन आठवड्यांत धुऊन जातो. छाटणी सप्टेंबरात ओढावी, तर परतीचा पाऊस कोवळ्या फुटीवर केवडा घेऊन येतो. त्रेब्बियानो तोस्कानो केवड्याला लवकर बळी पडतो, तेव्हा त्याच्या बागेत ही जोखीम अधिकच. त्यातून गारपिटीचं भय. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाड्यात अजून कुणी विसरलेलं नाही, आणि पिकत आलेल्या घडावर पडलेल्या गारेला कसलाच इलाज नाही.

जमिनीचंही पाहावं लागतं. आपली भारी काळी माती पाणी धरून ठेवते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यात चुनखडी असते आणि कालव्याखालच्या रानात क्षारही वाढलेले असतात. द्राक्षाच्या मुळांना साचलेलं पाणी सोसत नाही. महाराष्ट्रातले बागायतदार म्हणूनच डॉगरिज हा अमेरिकी खुंट लावून त्यावर हवा तो वाण कलम करतात. सोनपेठकडे कुणी वाइनचं द्राक्ष करून पाहणारच असेल तर मुरमाड, उताराची, निचऱ्याची जागा शोधावी. उसाचं रान त्यासाठी घेऊ नये.

मेहनतीचा हिशेबही खाण्याच्या द्राक्षापेक्षा वेगळा असतो. मणी फुगवायला जिब्रेलिक ॲसिड नाही, मण्यांची विरळणी नाही, घड दिसायला देखणा असायची गरज नाही. मजुरीचा मोठा खर्च तिथे वाचतो. उलट घड मुद्दाम कमी ठेवावे लागतात. खाण्याच्या बागेत एकरी दहा-बारा टन निघाले की माणूस खूश असतो, वाइनच्या बागेत त्याच्या निम्म्यावर थांबावं लागतं, नाहीतर रस पाणचट होतो. आणि तोडणीचा दिवस बागायतदार ठरवत नाही. साखर किती ब्रिक्स, आम्ल किती, हे मोजून तो वायनरी ठरवते.

घेणार कोण

माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे, आणि हवामानापेक्षा तो मोठा आहे. खाण्याचं द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारलं तर दुसऱ्याला देता येतं, नाहीतर बेदाणा करता येतो. जाड सालीचं, बियांचं, आंबट द्राक्ष वायनरीने घेतलं नाही तर ते बांधावर फेकावं लागतं. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले, नाशिक भागात कराराने वाइन द्राक्षाची लागवड वाढली. २००८-०९ च्या मंदीत खप बसला, टाक्या भरलेल्या राहिल्या, कित्येकांची बिलं थकली. त्या वेळी शेतकऱ्यांनी वाइनच्या बागा उपटल्या किंवा त्याच खुंटावर पुन्हा थॉमसन चढवली. परभणी जिल्ह्यातल्या माणसाला तर माल घेऊन नाशिक, अकलूज किंवा बारामतीकडे जावं लागेल. वाइनचं द्राक्ष पहाटे तोडून गार असतानाच गाळपाला जावं लागतं. तीनशे-चारशे किलोमीटरच्या प्रवासात रस गाडीतच आंबायला लागतो.

त्यामुळे सोनपेठला लगेच करण्यासारखं काम वाइनचं नाही, रसाचं आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एआरआय-५१६ हा रसासाठीचा वाण दिला आहे, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने मांजरी मेडिका. दोन्ही रंगीत, दोन्ही प्रक्रियेसाठी काढलेले, आणि त्यांचा रस स्थानिक पातळीवर बाटलीत भरता येतो. ज्याला पांढऱ्या आंबट वाणावर प्रयोग करायचा आहे त्याने परदेशातून काड्या मागवण्याच्या फंदात पडू नये. आयातीला केंद्र सरकारचा परवाना लागतो, आणि आलेली रोपं विलगीकरणात ठेवून, त्यांच्यावर रोग-कीड नाही अशी खात्री झाल्यावरच लावता येतात. फायलॉक्सेराने युरोपचं काय केलं हे पाहिल्यावर हा नियम जाचक वाटत नाही.

मांजरीचं केंद्र १९९७ साली सुरू झालं आणि देशातला द्राक्षवाणांचा मोठा संग्रह तिथे जपलेला आहे. पुण्यापासून ते सोलापूर रस्त्यावर अगदी लगत. जायचं तर जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जावं, म्हणजे घड वेलीवर असतात. त्यांचे प्रशिक्षणवर्गही होतात. जाण्याआधी आपल्या रानातली माती आणि विहिरीचं पाणी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात तपासून घ्यावं आणि अहवाल सोबत न्यावा. चुनखडी किती, क्षार किती, हे आकडे समोर असले तरच कोणता खुंट चालेल याचं उत्तर तिथला शास्त्रज्ञ देऊ शकतो.